जुन्या टर्नटेबलचा ग्राउंड नक्की कुठे जोडायचा? आधी मीटर लावा, मग वायर

टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, मागून एक बारीक काळी किंवा हिरवी वायर लोंबकळत असते, ती कुठेतरी लावली की घूंऽऽ आवाज जातो एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोणी ती थ्री पिन सॉकेटच्या वरच्या भोकात खुपसतं, कोणी नळाला गुंडाळतं, कोणी वायरमनला बोलावून थेट घराच्या अर्थिंगला जोडून घेतं, आणि एवढं करून हम, म्हणजे तो घूंऽऽ आवाज, वाढला की वैतागून अँपच्या (अँप्लिफायरच्या) प्लगची अर्थ पिनच काढून टाकतं. चारही प्रकार चूक, आणि चौथा जिवावर बेतू शकतो.

मुद्दा असा की कार्ट्रिजमधून (सुई बसते त्या छोट्या तुकड्यातून) निघणारा सिग्नल फार म्हणजे फारच लहान असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, मूव्हिंग कॉइल तर बऱ्याचदा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली. फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा सिग्नल मोठा करणारं सर्किट, हा सिग्नल साधारण १०० पट वाढवतो, त्यात आरआयएए इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्डमधल्या सुरांचं प्रमाण परत सरळ करायची ठरलेली पद्धत) खालचे सूर अजून उचलले जातात, ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास सात पट. आपली लाइट नेमकी ५० हर्ट्झची. म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) मोकळ्या धातूने आसपासच्या वायरिंगमधून जे काही उचललं ते सातशे पट होऊन स्पीकरवर येतं. आर्मचा आणि डेकचा, म्हणजे टर्नटेबलचा, धातू प्रीअँपच्या शून्याला (सिग्नलच्या ग्राउंडला) एकदाच बांधायचा, बस, एवढंच त्या वायरचं काम. प्रीअँपच्या शून्याला, भिंतीतल्या अर्थला नाही. आणि एकदाच, दोन वाटांनी नाही, कारण दोन वाटा झाल्या की लूप तयार होतो आणि मग लूपच हम देतो.

जुन्या डेकमध्ये अडचण ही की ती एक वाट आत आधीच कुठेतरी जोडलेली आहे की तुटलेली आहे की आधीच्या मालकाने स्वतःच्या डोक्याने तिसरीकडेच नेलेली आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सेफ्टी, मग कान, मग मीटर, मग तात्पुरती जोडणी, सोल्डर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

पायरी १: सामान जमवा

डिजिटल मल्टिमीटर, कंटिन्युइटीला बीप देणारा. दोन-चार क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी, त्यातली एक तरी दीड मीटरची. छोटे स्क्रू ड्रायव्हर, बारीक चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक पॉलिश पेपर, थोडे यू आकाराचे लग (वायरच्या टोकाला लावायचे पत्र्याचे तुकडे), २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मास्किंग टेप आणि पेन. हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं, फक्त रविवारी जायच्या आधी दुकान उघडं आहे का ते फोन करून विचारा आणि दुपारी एक ते चार या वेळेबद्दल मी पुण्यात राहून वेगळं काय सांगू.

‘ऑडिओ ग्रेड’ ग्राउंड वायर वगैरे घ्यायची गरज नाही. या वायरमधून करंट जवळपास वाहतच नाही, साधी मऊ फ्लेक्सिबल वायर चालते. जाड वायर लावून काही फरक पडत नाही, उलट सस्पेंशनवाल्या (स्प्रिंगवर तरंगणाऱ्या) डेकला ती ओढत राहते.

एक कोरा कागदही घ्या. गंमत नाही, पुढे त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

पायरी २: डेक हात लावण्यालायक आहे का ते बघा

जुना बाजारातून उचललेला किंवा आजोबांच्या माळ्यावरून काढलेला डेक असेल तर ही पायरी गाळायचीच नाही.

प्लग काढा. आर्म क्लिपमध्ये अडकवा, स्टायलस (सुई) काढता येत असेल तर काढून डबीत ठेवा. मग मागचं लेबल वाचा. अमेरिकेतून आलेला डेक ११० ते १२० व्होल्टचा असतो, जपानच्या घरगुती बाजारातला १०० व्होल्टचा, काहींना आत व्होल्टेज बदलायची सोय असते, काहींना नसते. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर वापरणार असाल तर बाजारातले बरेचसे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, ते व्होल्टेज कमी करतात पण डेकला मेन्सपासून (भिंतीतल्या विजेपासून) वेगळं करत नाहीत, त्यामुळे ‘ट्रान्सफॉर्मर आहे म्हणजे शॉक बसणार नाही’ असं धरून चालू नका.

आता मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर. डेकचा पॉवर स्विच ऑन करा, प्लग अजूनही बाहेरच आहे. फेज आणि न्यूट्रलच्या पिना क्लिपने एकत्र करा, तिथे एक प्रोब, दुसरा प्रोब डेकच्या उघड्या धातूवर: मोटरची बॉडी, टॉप प्लेट, आर्मचा बेस, ग्राउंड वायरचं टोक. प्रत्येक ठिकाणी मीटरने ‘ओपन’ दाखवायला हवं.

सावधान: कुठेही बीप आला किंवा काही किलोओहम दिसले तर इथेच थांबा. मोटरचं इन्सुलेशन गेलंय किंवा मेन्सची वायर कुठेतरी धातूला लागलीय. हा डेक कारागिराकडे, आणि त्याला ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासायला सांगा, कारण साधा मीटर कमकुवत इन्सुलेशन पकडेलच असं नाही.

दुसरी सावधगिरी व्हॉल्व्हवाल्या जुन्या रेकॉर्ड प्लेयर आणि रेडिओग्रामसाठी. त्यातल्या काहींची चेसिस (आतला धातूचा सांगाडा) मेन्सच्या एका वायरला थेट जोडलेली असते, लाइव्ह चेसिस म्हणतात ती. अशा सेटला बाहेरून ग्राउंड वायर जोडणं म्हणजे अख्ख्या सिस्टिमला २३० व्होल्ट देणं. तसल्या पेटीवर हा लेख वापरू नका. आणि सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचा, आतच अँप असलेला सूटकेस प्लेयर असेल तर बाहेर ग्राउंड वायर नसणं हेच तिथे बरोबर आहे, ती शोधत बसू नका.

पायरी ३: भिंतीतला पॉइंट तपासा

टर्नटेबलच्या ग्राउंड वायरला भिंतीचं अर्थ लागत नाही असं वर म्हटलं, पण अँपला लागतं, सेफ्टीसाठी. पेठांमधल्या जुन्या इमारतींमध्ये थ्री पिन सॉकेट असतं पण वरच्या भोकामागे वायरच नसते, हे वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी आहे.

मीटर एसी ७५० व्होल्टवर. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३०, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट, असं यायला हवं. फेज ते अर्थ ९०, ११० असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थ तुटलेलं आहे, आधी चांगला वायरमन बोलवा. सॉकेटमध्ये प्रोब घालायची भीती वाटत असेल तर हेही त्यालाच करू द्या, त्यात कमीपणा नाही.

मग टर्नटेबल, प्रीअँप, अँप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. एक गोष्ट खिडकीजवळच्या सॉकेटवर आणि दुसरी टीव्हीमागच्या सॉकेटवर असेल तर दोन अर्थमध्ये फरक पडतो आणि पुढच्या सगळ्या चाचण्या खोट्या येतात. बऱ्याच जणांचा हम इथेच निम्मा होतो आणि ते हा लेख बंद करतात, करा खुशाल.

तपासा: लाइट गेलेली असताना, इन्व्हर्टरवर, काहीही चाचणी करू नका. घरगुती इन्व्हर्टरपैकी बरेचसे स्क्वेअर वेव्ह देतात, त्यावर चांगली सिस्टिमही भुंग्यासारखी वाजते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरसुद्धा बंद करून एकदा ऐका.

पायरी ४: हम कुठला ते कानाने ओळखा

प्रत्येक हम ग्राउंडचा नसतो. रेकॉर्ड नको, आर्म स्टँडवर, व्हॉल्यूम रोज ऐकता तेवढा. प्रत्येक वेळी केबल काढता-घालताना व्हॉल्यूम शून्य, नाहीतर धाडकन आवाज येऊन वूफर जायचा.

पहिलं, अँपचा इनपुट बदलून सीडी किंवा ऑक्सवर न्या. हम तसाच राहिला तर दोष अँपमध्ये आहे, टर्नटेबलला त्रास देऊ नका.

दुसरं, फोनोवर परत या आणि डेकचा प्लग भिंतीतून काढा, आरसीए (सिग्नल केबलचे प्लग, मध्ये पिन आणि बाहेर रिंग असलेले) जोडलेलेच. हम गेला तर तो मोटरमुळे. आता प्लग लावून मोटर फिरवा आणि आर्म हाताने रेकॉर्डच्या मधल्या भागाकडे हळूहळू न्या, खाली न ठेवता. आत जाताना आवाज वाढत गेला तर मोटरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतंय. याला जगातला कुठलाही ग्राउंड उपयोगी नाही. ग्राडोची कार्ट्रिज यासाठी प्रसिद्ध आहेत, शील्डिंग नसल्यामुळे काही डेकवर ती गुणगुणतातच. डेक अँपच्या अगदी शेजारी किंवा वर ठेवलेला असेल तर अँपच्या ट्रान्सफॉर्मरमुळेही असंच होतं, डेक दोन फूट लांब सरकवून बघा.

तिसरं आणि सगळ्यात उपयोगी: एका बोटाने टोनआर्मच्या धातूला हात लावा. हात लावल्यावर हम कमी झाला तर आर्म कुठेच बांधलेला नाही, तुमचं शरीर तात्पुरता ग्राउंड झालंय. काहीच फरक पडला नाही तर आर्मचा ग्राउंड बहुधा ठीक आहे, दुसरीकडे शोधा.

चौथं, ग्राउंड वायर आत्ता जोडलेली असेल तर काढून ऐका. काढल्यावर हम कमी झाला? मग ग्राउंड कमी पडत नाहीये, जास्त झालाय. लूप आहे.

पाचवं, एकाच चॅनेलमध्ये जोरात बझ आणि त्या बाजूचं गाणं पातळ किंवा गायब असेल तर त्या चॅनेलची मायनस वायर तुटली आहे, हेडशेलचा (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसतं त्या तुकड्याचा) कॉन्टॅक्ट काळा पडलाय किंवा आरसीए पिनच्या आत सोल्डर सुटलंय.

आणि हे दोन ग्राउंडचे नाहीतच: सुई रेकॉर्डवर असतानाच येणारी आणि व्हॉल्यूमबरोबर वाढत जाणारी घोंघावणी म्हणजे स्पीकरची थरथर डेकला लागतेय. आणि मागे बारीक आवाजात आकाशवाणीच्या बातम्या ऐकू येत असतील, पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झचं आहे, तर तो रेडिओ फ्रीक्वेन्सीचा शिरकाव आहे. खराब सोल्डर आणि बिनशील्डची लांब केबल हे त्यातले नेहमीचे गुन्हेगार.

कागदावर लिहा: कुठल्या चाचणीत काय झालं. लक्षात राहतं असं वाटतं, राहत नाही.

पायरी ५: मीटरने नकाशा काढा

इथे घाई नको. हीच पायरी लोक गाळतात आणि मग आठवडाभर वायरी इकडून तिकडे लावत बसतात.

प्लग भिंतीतून बाहेर, आरसीए अँपमधून बाहेर, ग्राउंड वायर सुटी. हेडशेल फिरकी काढून वेगळा करा. हेडशेल निघत नसेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक क्लिपा चिमट्याने धरून सरळ मागे ओढा, वायर धरून ओढलीत तर ती क्लिपेपाशी तुटते आणि मग नवीन वायरिंगचा खर्च.

सावधान: कार्ट्रिज जोडलेलं असताना मीटर लावू नका, विशेषतः मूव्हिंग कॉइल. मीटरचा टेस्ट करंट त्या केसासारख्या कॉइलसाठी जास्त असतो.

रंग जवळपास सगळीकडे सारखेच: पांढरा डावा प्लस, निळा डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवा उजवा मायनस. आता क्रमाने:

अ) डाव्या आरसीएची मधली पिन ते पांढरी, बाहेरची रिंग ते निळी. उजवीची मधली पिन ते लाल, रिंग ते हिरवी. चारही ठिकाणी एक-दोन ओहम. मीटर धरलेला असताना आर्म हळूच आत-बाहेर हलवा, आकडा उड्या मारत असेल तर आर्मच्या मागच्या टोकाशी वायर तुटायला आली आहे.

आ) डावी रिंग ते उजवी रिंग. स्वतंत्र ग्राउंड वायर असलेल्या डेकमध्ये ओपन हवं. बीप आला तर दोन्ही मायनस आत एकत्र केलेले आहेत, लिहून ठेवा.

इ) ग्राउंड वायरचं टोक ते आर्मची नळी, आर्मचा बेस, मधला स्पिंडल, सबचेसिस, मोटरची बॉडी, टॉप प्लेट. प्रत्येकाला बीप यायला हवा, एक-दोन ओहमच्या आत. इथे एक फसगत होते: अॅनोडाइझ्ड अॅल्युमिनियम आणि रंगवलेला पत्रा वीज जाऊ देत नाही, वरवर प्रोब टेकवला की ‘जोडलेलं नाही’ असं वाटतं. स्क्रूच्या डोक्यावर किंवा खालच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी खरवडून टेकवा.

ई) ग्राउंड वायर ते दोन्ही आरसीएच्या रिंगा. ओपन हवं. बीप आला तर आतल्या टॅग स्ट्रिपवर (वायरी सोल्डर करायच्या पट्टीवर) एखादी जोड-वायर आहे.

उ) ग्राउंड वायर ते मेन्स प्लगची मोठी अर्थ पिन, थ्री पिन असेल तर. बीप आला तर डेकची चेसिस भिंतीला बांधलेली आहे.

ऊ) हेडशेल परत लावा, कार्ट्रिज जोडा आणि फक्त एक गोष्ट बघा, मूव्हिंग मॅग्नेट असेल तरच: आर्मची नळी ते उजवी रिंग. मघाशी ओपन होतं आणि आता बीप येतोय? मग कार्ट्रिजच्या मागे हिरव्या पिनेपासून धातूच्या बॉडीला जाणारी छोटी पत्र्याची पट्टी आहे. शुअरच्या काही जुन्या कार्ट्रिजना ती असते. धातूचा हेडशेल असेल तर आर्मचा ग्राउंड आणि उजव्या चॅनेलचा मायनस तिथेच चिकटतात आणि लूप होतो. मूव्हिंग कॉइलवाल्यांनी डोळ्यांनीच बघून घ्यावं.

ऑटोमॅटिक डेकवाल्यांसाठी, ड्युअल वगैरे: यात शॉर्टिंग स्विच असतो, डेक बंद असताना किंवा आर्म ऑटोवर हलत असताना तो दोन्ही चॅनेल शॉर्ट करून ठेवतो म्हणजे स्पीकरला खट्ट ऐकू येत नाही. त्यामुळे मधली पिन ते रिंग बीप आला तर घाबरू नका, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) हाताने फिरवून आर्म मोकळा झाल्यावर परत मोजा.

एक जवळून बघण्यासारखी गोष्ट. डेक उलटा केल्यावर आर्मच्या पायाशी एक टॅग स्ट्रिप दिसते, त्यावर चार बारीक रंगीत वायरी आणि पाचवी काळी, ती एका स्क्रूखाली दाबलेली. त्या स्क्रूखालच्या वॉशरवर हिरवट-पांढरी भुकटी जमलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की न वापरलेला डेक दोन-तीन पावसाळ्यांत तिथे गंजतो, वायर वरून अगदी शाबूत दिसते आणि मीटर चाळीस-पन्नास ओहम दाखवतो. स्क्रू काढून वॉशर, लग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला की आकडा अर्ध्या ओहमवर येतो. ‘ग्राउंड कुठे जोडू’ विचारणाऱ्या कित्येकांचं उत्तर या एका स्क्रूखाली असतं.

पायरी ६: तुमचा डेक कुठल्या जातीचा ते ठरवा

स्वतंत्र पाचवी वायर असलेला. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. नकाशात ‘इ’ ला सगळीकडे बीप आणि ‘ई’ ओपन आला असेल तर वायर फोनो प्रीअँपच्या ग्राउंड पोस्टला (मागच्या ग्राउंडच्या स्क्रूला), विषय संपला. प्रीअँप वेगळा आणि अँप वेगळा असेल आणि दोघांनाही पोस्ट असेल तर प्रीअँपच्याच. अँपची पोस्ट रिकामी राहिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

ग्राउंड एका चॅनेलच्या रिंगला बांधलेला. रेगाचे आरबी ३०० सारखे आर्म असेच, आर्मचा धातू आतूनच डाव्या चॅनेलच्या शील्डला जोडलेला, बाहेर वायर नाही. हे अर्धवट काम नाही, डिझाइन आहे. वरून अजून एक वायर आर्मपासून प्रीअँपला नेलीत तर स्वतःच्या हाताने लूप केलात. मोटरची बॉडी मात्र कशालाच जोडलेली नसेल तर ती फक्त तात्पुरती क्लिप लावून बघायला हरकत नाही.

डिन प्लगवाले. पाच पिनांचा गोल प्लग, जुन्या युरोपियन डेकना. ३ नंबर डावा, ५ नंबर उजवा, २ नंबर ग्राउंड, आणि दोन्ही मायनस त्या २ वरच एकत्र. बाजारातला डिन ते आरसीए कन्व्हर्टर लावला की गाणं येतं पण बऱ्याच कन्व्हर्टरमधून ग्राउंड वायर बाहेर निघतच नाही. आधी ‘ई’ ची चाचणी बघा: चेसिस २ नंबरला आत जोडलेली असेल तर वेगळी वायर नको. नसेल तर आर्मच्या बेसपासून एक वायर काढून प्रीअँपच्या पोस्टला. सगळ्यात स्वच्छ काम म्हणजे डिन काढून टॅग स्ट्रिपपासून दोन शील्डेड केबल आणि एक ग्राउंड वायर नव्याने ओढणं, पण ओरिजिनल प्लग कापून फेकू नका, विकायच्या वेळी आठवण येते.

थ्री पिन प्लगवाला, चेसिस भिंतीच्या अर्थला. सगळ्यात जास्त वादावादी याच प्रकारावर. डेकची चेसिस भिंतीला, अँपची चेसिस भिंतीला, आणि वर ग्राउंड वायरने दोघं एकमेकांना: लूप. अशा वेळी लोक डेकची किंवा अँपची अर्थ पिन काढतात आणि हम खरोखर जातो, म्हणून तो उपाय पसरतो.

सावधान: अर्थ पिन काढायची नाही. टेपने झाकायची नाही. टू पिन कन्व्हर्टर लावायचा नाही. आत कधी फेज चेसिसला लागला तर आरसीएची बारीक शील्ड आणि तुम्ही, दोनच रस्ते उरतात.

करायचं काय? आधी एकाच बोर्डवर आणून ग्राउंड वायर न जोडता ऐका, कारण जोड भिंतीतून झालेलाच आहे, बऱ्याचदा तेवढं पुरतं. तरी हम असेल तर योग्य रचना अशी: मोटर आणि टॉप प्लेट भिंतीच्या अर्थला, आर्मचा ग्राउंड मात्र चेसिसपासून वेगळा काढून प्रीअँपला. हे काही डेकमध्ये एक स्क्रू सोडवून होतं, काहींत आर्मखाली इन्सुलेटिंग वॉशर घालावा लागतो. मेन्सच्या जवळचं काम असल्यामुळे सवय नसेल तर कारागिराकडून करून घ्या.

टू पिनवाले जुने डेक सोपे, फक्त त्यात प्लग उलटा फिरवून दोन्ही बाजूंनी ऐका. मोटरमधून चेसिसवर येणारी गळती एका बाजूला कमी असते आणि टेस्टरही कमी पेटतो. पण उलट्या बाजूला डेकचा स्विच न्यूट्रल तोडतो आणि मोटरला फेज चालूच राहतो, म्हणून उघडण्याआधी नेहमी प्लग भिंतीतून बाहेर.

पायरी ७: क्लिप लावून ऐका

सोल्डर अजून नाही. सगळं बंद, दीड मीटरची क्रोकोडाइल वायर घ्या. एक टोक ग्राउंड वायरला किंवा आर्मच्या बेसला, दुसरं प्रीअँपच्या पोस्टला. मग आरसीए. मग पॉवर. मग व्हॉल्यूम हळूहळू. सोडवताना याच्या बरोबर उलटं. ग्राउंड आधी आणि आरसीए नंतर, हा क्रम पाळला तर तो धाडकन आवाज येत नाही.

प्रीअँपला पोस्टच नाही? पत्र्याचा डबा असेल तर मागचा एखादा स्क्रू थोडा सैल करून त्याखाली, पण तो स्क्रू इनपुटच्या आरसीए रिंगशी बीप देतोय का ते आधी मीटरने बघा. प्लॅस्टिकचा डबा असेल तर एका इनपुट आरसीएच्या बाहेरच्या रिंगवर.

एका वेळी एकच बदल. क्लिप इकडे लावली, केबलही बदलली, डेकही सरकवला आणि हम गेला, तर कशामुळे गेला ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी चार्जर काढून बॅटरीवर ऐकावं. चार्जर काढल्यावर शांतता झाली तर दोष टर्नटेबलमध्ये नाही, चार्जरच्या रस्त्याने येतोय. प्रीअँपचा स्वस्तातला अडॅप्टरही कधी कधी हेच करतो, दुसरा त्याच व्होल्टेजचा आणि त्याच पोलॅरिटीचा लावून बघा.

कार्ट्रिजच्या पट्टीमुळे लूप सापडला असेल तर हाच तो क्षण: पट्टी सुटी निघत असेल तर ती चिमट्याने काढून जपून ठेवा. निघत नसेल तर उपटू नका, पिनच तुटते. प्लॅस्टिकचे स्क्रू आणि पातळ प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये घालून कार्ट्रिज हेडशेलपासून वेगळं करा.

पायरी ८: आता पक्कं करा

क्लिपने जिथे सगळ्यात शांत वाटलं तिथेच. वायरच्या टोकाला लग दाबून वर थोडं सोल्डर. धातू चकचकीत, मग लग, मग दातेरी वॉशर, मग स्क्रू. नुसती वायर पिळून स्क्रूखाली कोंबली तर ती दोन महिन्यांत सैल होते. टॅग स्ट्रिपवर सोल्डर करताना आर्मच्या बारीक वायरींवर आयर्न रेंगाळू देऊ नका, त्यांचं इन्सुलेशन पटकन वितळतं, आणि प्लॅस्टिकचा टॅग असेल तर तोही.

ग्राउंड वायर आरसीए केबलच्या बरोबरीने न्या, मेन्सच्या वायरीपासून लांब. क्रॉस करावीच लागली तर काटकोनात. जास्तीची लांबी गोल गुंडाळून ट्रान्सफॉर्मरवर ठेवू नका, कापून छोटी करा.

आता नकाशाच्या चाचण्या परत, विशेषतः ‘इ’ आणि ‘ई’. मग मोटर चालू, आर्म लिफ्टरवर उचललेला, कडेपासून मध्यापर्यंत न्या आणि रोजच्या व्हॉल्यूमला तुमच्या खुर्चीत बसून ऐका. खुर्चीत ऐकू येत नसेल तर झालं. व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवून स्पीकरला कान लावला तर थोडी हिस आणि किंचित गुणगुण येणारच, एवढ्या गेनला ती कोणालाच चुकलेली नाही, तिच्या मागे लागून पुन्हा डेक उघडू नका.

एवढं करूनही हटत नसेल तर कारागिराकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका, तो कागद बरोबर न्या. डावी-उजवी रिंग ओपन, आर्म ते ग्राउंड ०.६ ओहम, ग्राउंड ते अर्थ पिन बीप, हात लावल्यावर फरक नाही, आर्म आत नेल्यावर वाढतो, असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि ‘सगळं वायरिंगच बदलावं लागेल’ असं ऐकायची वेळ आली तर नेमकी कुठली वायर आणि का, हे तुम्हाला विचारता येतं.